झाकल्या टोपलीचा धान

चैतरामच्या घरी चोरी झाली त्या रात्री चैतराम जागा होता. हे त्यानं स्वतः कोणाला सांगितलं नाही. त्याच्या बायकोनं, जिजाबाईनं सांगितलं, आणि जिजाबाईनं एकदा सांगितलं म्हणजे हिरडीटोल्यात कोतवालानं ते वेगळं सांगत फिरायची गरज उरत नसे.

उकाड्यामुळं दोघं नवराबायको समोरच्या अंगणात खाटा टाकून पडली होती. घरातून सळसळ, सळसळ असा आवाज येत होता. जिजाबाई म्हणाली, "अजी, उंदरं धान खाऊन राह्यले." चैतराम म्हणाला, "खाऊ दे. त्याइलेबी पोट हाय." आणि त्यानं कूस बदलली. चैतराम फार बोलणारा माणूस नव्हता. त्या रात्री तो जेवढं बोलला तेवढं नेमकं चोरांच्या सोयीचं निघालं.

सकाळी जिजाबाई आत गेली तेव्हा बियाण्याची ढोली रिकामी होती. बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माणसाच्या उंचीची ती कोठी मागच्या भिंतीला टेकून उभी असे. चोरांनी बाहेरून भिंत फोडली, त्याच भोकातून ढोलीलाही भोक पाडलं, आणि खाली पोतं धरलं. पुढचं काम धानानं स्वतःच केलं. घरात एक पाऊल न टाकता, कडी न वाजवता, पितळेच्या हंड्याला हातही न लावता चोर वर्षाचं बियाणं घेऊन गेले. लुचई जातीचा धान होता. एकसारखा, निवडलेला, उन्हं दाखवून ठेवलेला.

खायच्या धानाचे तांदूळ करून झाले होते. म्हणजे चैतरामच्या घरी आता चार महिने खायला होतं आणि पेरायला काही नव्हतं. मृग तोंडावर आला होता. आठवड्याच्या आत रोपांसाठी पऱ्हे टाकले नाहीत तर रोवण्याला, म्हणजे लावणीला, रोप नाही, आणि रोवणा नाही तर धानाची बांधी वर्षभर पडीत. बाजारात धान मिळे, पण बाजारातला धान खाण्यासाठी असतो, तो उगवेल की नाही हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, असं सगळ्या गावाचं मत होतं आणि ते बरोबर होतं.

या चोरीत सर्वांत अवघडला तो दुलीचंद. दुलीचंद चैतरामचा शेजारी. चैतरामची मागची भिंत म्हणजे दुलीचंदच्या परसातल्या बाडीची हद्द. चोर उभे राहिले ते त्याच्या वांग्यांच्या वाफ्यात. वाफा असा तुडवला होता की तिथं लग्नाची पंगत बसून उठली असावी. दुलीचंदचा कुत्रा पोस्टमनला गावात सरळ चालू देत नसे. त्या रात्री तो चोरांशेजारी बसून सगळं पाहत होता असं लोक म्हणू लागले.

"कुत्र्याले का म्हणता?" दुलीचंदची बायको सीता म्हणाली. "कुत्र्याचा मालक तरी कोठं उठला?"

दुलीचंदला हे लागलं. तो गावातला पुढाकार घेणारा माणूस होता. कोणाकडं लग्न असो, मयत असो, मांडव किती हाताचा आणि लाकडं कोणाच्या बैलगाडीतून, हे दुलीचंद ठरवी. आणि त्याच्याच बाडीत उभं राहून चोरांनी एवढी व्यवस्थित योजना पार पाडली होती, त्याला न विचारता.

दुसऱ्या दिवशी पोलीस थाण्यावरून शिपाई सायकलवर आला. राजधानी नागपूरची भोपाळला जाऊन दोन पावसाळे होत होते. त्यामुळं आता रपट हिंदीत लिहिली जाई, हा एक फरक सोडला तर चोर पूर्वीसारखेच होते.

"किसी पर शक है?" शिपायानं विचारलं.

"होता," चैतराम म्हणाला. "उंदरावर."

शिपायानं वर पाहिलं. चैतरामच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. शिपायानं भोकात डोकं घालून पाहिलं, ढोलीत डोकं घालून पाहिलं, आणि साहेब येऊन पाहीपर्यंत भोकाला हात लावू नका, असं बजावलं. मग तो दुलीचंदच्या घरी जेवला. ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्याकडं जेवणं बरं दिसत नाही, एवढं त्याला कळत होतं.

साहेब आले नाहीत. ढग मात्र आले. पश्चिमेकडून एक काळी पट्टी वर चढू लागली. मातीच्या भिंतीला भोक ठेवून पाऊस अंगावर घेतला तर भिंत बसते, आणि मग साहेबांना पाहायला भोकही उरत नाही. दुलीचंदनं वाट पाहणं सोडलं. बाडीत माती ओढली, पाणी ओतलं, तणसाचे तुकडे टाकले आणि धोतर वर खोचून तो चिखल तुडवू लागला. पायाच्या बोटांतून गारा पिचकारीसारखा उडत होता. पहिला गोळा त्यानं भोकाच्या तळाशी थापला तेव्हा आतून चैतरामचा चेहरा दिसला.

"काय करून राह्यला बे?"

"भिंत लिंपतो."

"भिंत माही हाय."

"तुही हाय तं तू आतून लिंप. भाईरची बाजू माह्या वांग्याइले दिसते."

चैतरामचा चेहरा भोकातून नाहीसा झाला. थोड्या वेळानं आतूनही चिखल तुडवल्याचा आवाज येऊ लागला. अशा रीतीनं दोघं एकच भोक दोन बाजूंनी बुजवू लागले. दुलीचंद बाहेरून थापी, चैतराम आतून दाबी. कधी दोघांचे तळवे एकाच गोळ्यावर पडत आणि गोळा मधूनच फुटे.

"बियाण्याचं काय करतं?" दुलीचंदनं विचारलं.

"पाहीन."

"काय पाह्यतं? माह्याकडं सफरीचं बियाणं हाय. काढून ठेवतो तुह्यासाठी."

"नोको."

"उसना घे."

"उसना घेतला तं वापस करा लागते."

"तं नोको करू वापस."

"मंग तं घेतच नाही."

एवढं सलग बोलणं त्या दोघांत कधी झालं नव्हतं. त्यासाठी भिंतीला भोक पडावं लागलं. चैतराम कोणाचं काही घेत नसे. कंजूष नव्हता, मागून कोणी आलं तर देई. पण स्वतःवर वेळ आली की त्याची मान अशी ताठ होई की तिच्यावर ओझं ठेवायला जागाच सापडत नसे. दुलीचंद गोळ्यावर गोळा थापत होता. आधी चैतरामचा अख्खा चेहरा दिसत होता, मग मिशी बुजली, मग नाक. शेवटी एक डोळा उरला.

"पडीत राह्यली बांधी, तं राह्यली," डोळा म्हणाला. "एका सालानं कोणी मरत नाही."

त्या डोळ्यात पाणी होतं की गारा उडाला होता, हे दुलीचंदला नीट पाहता आलं नाही. त्याच्या हातात शेवटचा गोळा होता.

रात्री जेवताना त्यानं सगळं सीतेला सांगितलं. "तुमीबी काय पागल होऊन राह्यले," ती म्हणाली. "तुमी त्याले देतो म्हणता, म्हणून तो घेत नाही. देतो म्हणू नोका."

"मंग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नोका. महागूचं घर जळलं तवा कोणी काय म्हणलं होतं?"

दुलीचंदनं हात धुतला. गोष्ट त्याच्या ध्यानात कशी आली नाही याचं त्याला आश्चर्य वाटलं, आणि ती बायकोच्या ध्यानात आली याचा थोडा राग.

हिरडीटोल्यात झाकली टोपली फिरवायची रीत होती. कोणाचं घर जळलं, बैल मेला, घरधनी खाटेला लागला, की एकजण टोपलीवर धडपा, एखादं जुनं फडकं, टाकून घरोघर जाई. घरची बाई धडप्याखाली हात घाली आणि जे द्यायचं ते टोपलीत सोडी. टोपलीवाल्यानं त्या वेळी तोंड फिरवायचं. कोणी किती दिलं, कोणी दिलंच नाही, हे त्याला कळता कामा नये. सगळं एका पोत्यात ओतायचं आणि उजाडायच्या आत त्या घराच्या उंबऱ्यावर ठेवून यायचं. घेणाऱ्यानं विचारायचं नाही, देणाऱ्यानं सांगायचं नाही. मग उपकार कोणाचा? कोणाचाच नाही. बोजा कोणाचा? तोही नाही.

ही रीत फार चांगली होती. तिच्यात एकच गोष्ट होती, जी आजवर कोणाला दिसली नव्हती. टोपलीत आजवर जे पडलं ते शिजवायचं होतं. पेरायचं कधीच नव्हतं.

दुलीचंद दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला टोपली घेऊन निघाला. मागं पोत्यांसाठी छकडा. घरोघर आधी सीता जाऊन सांगून आली होती की बियाणं पाहिजे, चैतरामसाठी. आणि घरोघर बायकांनी आपल्या ढोलीच्या तोंडाचं लिंपण फोडून सर्वांत चांगला धान काढला. कोणी हातचं राखलं नाही. सूपभर धान सुपातून पाखडून, पोचट काढून, मग टोपलीत. प्रत्येक घराला आपलंच बियाणं गावात अव्वल वाटे, आणि चैतरामच्या बांधीत यंदा तेच डोलणार या विचारानं प्रत्येक घर खूश होतं.

शालिकराम पटलाच्या दारात तर पटील स्वतः बाहेर आला. टोपली जड झाली, दुलीचंदनं मान चिंचेच्या झाडाकडं फिरवून ठेवली होती.

"पाह्यलं तं नाही ना?" शालिकरामनं विचारलं.

"नाही जी पटील."

"बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही."

शालिकराम जरा थांबला. "थोडंसं पाह्यलं असतं तरी चाललं असतं," तो म्हणाला आणि आत गेला.

टोकाच्या घरी गोदाबाई म्हातारी एकटी राही. तिनं धडप्याखाली हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. टोपली हळूहळू जड होत गेली. "बाई, पुरे," दुलीचंद झाडाकडं पाहत म्हणाला. "तू का पाहून राह्यला, पुरे म्हणाले?" गोदाबाईनं त्याला झापलं. शेवटी त्याच्या स्वतःच्या दारात सीतेनं सफरी धानाची सुपं टोपलीत रिकामी केली, आणि दुलीचंदनं स्वतःच्या बायकोकडंही पाठ केली. रीत म्हणजे रीत.

उजाडता उजाडता चैतरामनं दार उघडलं. उंबऱ्यावर दोन भरली पोती उभी होती. दुलीचंद बाडीच्या कुंपणाआडून पाहत होता. चैतराम उभा राहिला. त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, समोरच्या रस्त्यावर पाहिलं. नाही म्हणायचं तर समोर माणूस लागतो. समोर कोणी नव्हतं. एक बकरी होती. चैतरामनं पहिलं पोतं पाठीवर घेतलं आणि आत नेलं. मग दुसरं.

दुलीचंद कुंपणाआडून उठला तेव्हा त्याची छाती इतकी भरली होती की कुत्र्यालाही त्यानं माफ करून टाकलं.

ऊन चढायच्या आतच जिजाबाईची हाक आली. "सीताबाई! ओ सीताबाई! लवकर या वं!" दुलीचंदला वाटलं, पुन्हा चोरी. तो बायकोच्या आधी पोचला. जिजाबाई ओसरीवर सूप घेऊन बसली होती. सुपात धान होता. तिनं सूप हलवलं आणि पुढं केलं.

"भाऊजी, हे काय हाय?"

"धान हाय."

"कोणता धान हाय?"

दुलीचंद वाकला. सुपात जाडा, गोल गुरमटिया होता. त्याला चिकटून बारीक, काळपट चिन्नोर होता. लांबट सफरी होता, तो त्याचाच. लुचई होता. लालसर हलका धान होता, जो दसऱ्यालाच पिकून मोकळा होतो. सगळे एकमेकांत असे मिसळले होते की बाजाराच्या दिवशीची मोटार परवडली.

"मले काय मालूम?" दुलीचंदच्या तोंडून गेलं. "मी तं तोंड फिरवलं होतं."

म्हणायचं नव्हतं ते म्हटलं गेलं. जिजाबाईनं ते ऐकलंच नाही असं दाखवलं आणि पदर तोंडाला लावला. चैतराम उंबऱ्यावर बसला होता. तो दुलीचंदकडं पाहत नव्हता. सुपाकडं पाहत होता.

सीता आली, तिनं सूप पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आता का होईन वं माय! हलका कापाले येईन तवा भारी हिरवाच राहीन. भारी पिकतपर्यंत थांबलं तं हलक्याचा दाणा चिखलात गळून जाईन. एक बांधी कितीदा कापतीन हे?" मग ती नवऱ्याकडं वळली. "एका पोत्यात काहून ओतलं तुमी?"

"तुनंच तं सांगतलं, झाकली टोपली फिरवा."

"टोपली फिरवा म्हणलं होतं. डोकं झाकाले नोतं म्हणलं."

निवडायला बसण्याशिवाय इलाज नव्हता. आळीतल्या बाया आपापली सुपं घेऊन चैतरामच्या ओसरीवर आल्या. ज्याचा दाता माहीत नव्हता असा धान निवडताना प्रत्येकीला आपला धान बरोबर ओळखू येत होता. तोंडानं कोणी कबूल करत नव्हतं. शालिकराम पटील सहज आल्यासारखा आला, काठीवर भार देऊन उभा राहिला.

"हे चिन्नोर कोण्या भल्या माणसानं देल्लं बाप्पा?" त्यानं विचारलं.

"असन कोणी," गोदाबाई मान वर न करता म्हणाली. "वास तं बरा हाय. पण पोट भराले गुरमटियाच पाह्यजे. हेबी कोण्या भल्या माणसानंच देल्लं हाय."

दुपारपर्यंत डोळे चुरचुरू लागले, माना आखडल्या, आणि निवडलेल्याचे जे ढीग झाले त्यांच्याकडं पाहून कोणाला धीर आला नसता. पोती जवळजवळ तशीच होती. ढग गावावर येऊन थांबले होते. हवा इतकी ओली झाली की चिन्नोराचा वास आणखी दाटला, आणि शालिकराम ते प्रत्येकाला दाखवून देत होता.

चैतराम उठला. निवडलेले ढीग त्यानं एकेक करून पोत्यात परत ओतले. बाया पाहत राहिल्या.

"काय करून राह्यला बे?" दुलीचंद म्हणाला.

"पेरतो."

"असंच? मिसळलेलं?"

"लोकाइनं देल्लं तसं."

"अबे पण कापशीन कसा?"

"वाकून," चैतराम म्हणाला, आणि पोतं पाठीवर घेऊन शेताकडं चालू लागला.

पऱ्हे उगवले. चोर मात्र सापडले नाहीत, साहेबही आले नाहीत. आषाढात रोवणा झाला. बाया गुडघाभर चिखलात ओळीनं मागं सरकत रोप खोवत होत्या आणि कोणतं रोप कोणतं यावर एवढ्या भांडल्या की गाणं म्हणायचं राहून गेलं. भादव्यापर्यंत चैतरामची बांधी अशी दिसू लागली की किरनापूरकडं जाणारे लोक सायकलवरून उतरून पाहत. कुठं कमरेएवढा, कुठं छातीएवढा, कुठं मांडीएवढा. काही हिरवा, काही काळसर, काही पिवळा पडायला लागलेला. शाळा सुटल्यावर पोरं रस्त्यानं जातात तशी बांधी. शेजारच्या कोण्या गावात चोरांच्या बांधीत चैतरामचा लुचई उभा असेल, एका उंचीचा, एका रंगाचा, डोळ्यांना गार करणारा. हिरडीटोल्यात तसं काही नव्हतं. शालिकराम धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून परक्यांना काठीनं दाखवी, "तो बारीक दिसते न, तो चिन्नोर. कोणी देल्ला मालूम नाही." आणि थोडा वेळ थांबे.

दसऱ्याच्या सुमारास लाल धान पिकला. बाकीचा हिरवा होता. चैतराम विळा घेऊन बांधीत उतरला. एका हातानं हिरवी रोपं बाजूला सारायची, दुसऱ्या हातानं पिकलेली तेवढी लोंब कापायची, खांद्यावरच्या झोळीत टाकायची, पाय ठेवताना शेजारचं रोप मोडता कामा नये. पाणी अजून घोट्यापर्यंत होतं. थोड्या वेळानं त्याला बाजूच्या ओळीत पाणी डुचमळल्याचा आवाज आला. दुलीचंद धोतर खोचून उतरला होता.

"काहून आला?"

"घरी काम नाही."

हे साफ खोटं होतं. त्याच्या स्वतःच्या बांधीत गवत वाढलं होतं आणि सीता दोन दिवसांपासून त्यावर बोलत होती. चैतरामला हे माहीत होतं, कारण सीता जे बोले ते कुंपणापलीकडं ऐकू जाई.

"पाय पाहून टाक," एवढंच चैतराम म्हणाला.

दोघं दिवसभर वाकून होते. धानाची पानं कापतात, हे दुलीचंदला माहीत होतं. पण उभ्या हिरव्या धानातून लोंब शोधत फिरलं की कोपरापासून मनगटापर्यंत किती बारीक चिरा पडतात आणि त्यांत घाम कसा झोंबतो, हे पहिल्यांदाच कळलं. पिंढरीला जळू लागली. चैतरामनं न बोलता तंबाखूची चिमूट काढून दिली. दुलीचंदनं ती जळूवर चोळली, उरलेली तोंडात टाकली.

"तू मले शिव्या काहून नाही देत?" दुलीचंदनं दुपारी धुऱ्यावर बसल्यावर विचारलं. "मी टोपली फिरवली हे तुले मालूम हाय. साऱ्या गावाले मालूम हाय. एक शिवी दे, मले झोप तरी लागन."

चैतरामनं भाकरीचा तुकडा मोडला. "कोणी फिरवली ते विचाराचं नसते," तो म्हणाला.

दिवाळी आटोपली तसा सफरी कापायला आला. दुलीचंद पुन्हा आला. म्हणाला, "बैलं बांधून बांधून आखडले, जरा फिरवतो म्हणलं," आणि कापलेला धान खळ्यावर न्यायला छकडा जुंपला. "फिरव," चैतराम म्हणाला. मग लुचई, गुरमटिया. आणि सगळ्यांच्या शेवटी, थंडी पडल्यावर, बाकीच्या गावाची खळी उठलेली असताना, चिन्नोर. प्रत्येक वेळी निवडून कापणी. रात्री सीता नवऱ्याच्या कमरेला मोहाच्या टोरीचं तेल चोळी आणि चोळता चोळता जे म्हणायचं ते म्हणून घेई.

"एक मदत केली माणसानं, तं चार महिने पुरली," ती म्हणे. "आतापर्यंत कोणी केली नसन अशी."

"जोरानं चोळ."

"जोरानंच चोळून राह्यली. पण सांगा, पुढच्या टाइमाले तोंड फिरवसान?"

"फिरवीन. पण पोते वेगळे ठेवीन."

सीता हसली. आतल्या आत दुलीचंदही हसला, पण हसलं की कमरेत कळ येई.

धान किती झाला? लुचई असता तर जेवढा झाला असता, त्याहून थोडा कमी, आणि पडीत राहिली असती तर जेवढा झाला असता, त्याहून वर्षभर जास्त. जिजाबाईनं ढोली नव्यानं लिंपली. ढोली तिनं मागच्या भिंतीपासून हातभर पुढं ओढून ठेवली, आणि त्या फटीतल्या उंदरांना हाकलायला दोघं नवराबायको रात्री आळीपाळीनं उठू लागली.

मग तिनं नव्या भाताला आळी बोलावली. हे चैतरामनं ठरवलं की तिनं, हे कोणाला कळलं नाही. चैतरामनं अंगणात सडा टाकलेला पाहून लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. वालाच्या शेंगांची भाजी होती, वरण होतं, आणि मोठ्या पितळी गंजात भात. वाढायला सीता होती.

भात पानात पडला आणि सगळे त्याच्याकडं पाहू लागले. निवडून कापला तरी धान खळ्यावर पुन्हा थोडा थोडा मिसळला होता, आणि जिजाबाईनं तो वेगळा करायचा प्रयत्नही केला नव्हता. चिन्नोर शिजून लोण्यासारखा झाला होता. सफरी शिजला होता. गुरमटिया अजून ताठ उभा होता, दाताखाली टचकन मोडत होता. मधूनच एखादा लाल दाणा. आणि सगळ्यावर चिन्नोराचा वास.

"चिन्नोरानं लाज राखली," शालिकराम म्हणाला. "कोणी देल्ला मालूम नाही."

"लाज राखली, पण पोटात काय राह्यलं?" गोदाबाई म्हणाली. "गिळला का संपला. हे पाहा, गुरमटिया. दोन दिवस भूक नाही लागाची."

"दोन दिवस पचाचाबी नाही, आजी," महागू म्हणाला.

"तुह्या घरचा लाल दाणा कोणता मोठा सरस हाय? दिसाले शिंदूर, खाले भुसा."

"माह्या घरचा कोण म्हणते?" महागू घाईनं म्हणाला. अंगण हसलं. महागूही हसला, पण घास तोंडात होता म्हणून उशिरा.

दुलीचंद सफरीबद्दल काही बोलला नाही. तो चैतरामकडं पाहत होता. चैतराम पंगतीच्या शेवटी, आपल्याच घराच्या अंगणात, पाहुण्यासारखा मान खाली घालून जेवत होता. प्रत्येक दाणा चावून. लोक आपापल्या धानाची बाजू घेऊन भांडत होते, त्यातलं त्याला काही ऐकू येत नसावं असं वाटत होतं. त्याचं पान रिकामं झालं. रिकामं झालं की तो उठे, कोणाच्याही घरी. दुलीचंदनं कित्येक पंगतींत पाहिलं होतं. वाढणारी दुसऱ्यांदा त्याच्या जवळ येण्याआधी चैतराम हात धुवायला गेलेला असे.

चैतराम उठला नाही. त्यानं पान बोटभर पुढं सरकवलं.

"वहिनी," तो म्हणाला. "भात वाढा जरासा."

शालिकरामचा हात वरणाच्या वाटीवर राहिला. गोदाबाईला नीट ऐकू येत नसे, तिनं शेजारणीला विचारलं, "काय म्हणला?" आणि शेजारणीनं सांगितलं, "भात मागतला." घर त्याचं होतं, शेत त्याचं होतं, गंजही त्याचाच होता, पण मागितला होता.

सीतेनं वाढणी गंजात घातली आणि थांबली. "भाऊजी, मधातला मऊ हाय, खालचा घट्ट हाय, कडंचा मोकळा हाय. कोणता वाढू?"

चैतरामनं पंगतीवरून एकदा नजर फिरवली. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत.

"साराच वाढा," तो म्हणाला.

सीतेनं गंज तळापासून ढवळला आणि त्याच्या पानात एवढा भात वाढला की वरण ओतायला जागा उरली नाही. चैतराम खाऊ लागला. पंगत पुन्हा भांडू लागली. दुलीचंदनं आपलं पान पुढं केलं, सीतेनं त्यालाही वाढलं, आणि तोही खाली वाकून जेवू लागला. त्याच्या कमरेत कळ होती. ती त्याला सकाळी आठवली.